धरसोड

राख अजून कोमट होती. काचकाराच्या बायकोने कोपरापर्यंत हात आत घातले आणि अंधारात निजलेलं बाळ चाचपावं तसं बोटांनी चाचपत राहिली. काचेचा गोळा हाताला लागला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. तडा नव्हता. गळ्यापासून बुडापर्यंत अख्खा होता.

"निवलाय ना?" सासूने दारातूनच विचारलं.

"निवलाय."

"मग काढ. उन्हं उतरली की गाडी येईल."

गाडी यायची होती ती धाकट्या दिराला न्यायला, कोतवालीच्या कोठडीतून किल्ल्यावर. किल्ल्यावर नेलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नसे, कारण उत्तर सगळ्यांनाच माहीत असे. थोरल्या भावाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, खुनाचा आळ होता त्याच्यावर. आणि तो आळ एका शब्दाच्या खुंटीवर टांगलेला होता. ती खुंटी तिने ठोकली होती. तिने, त्याच्या सख्ख्या वहिनीने.

शब्द होता 'सोड'.

त्या घरात हा शब्द काही नवा नव्हता. भट्टी धडधडायला लागली की दिवसभर दोनच शब्द घरातून फिरत. थोरला फुंकणीच्या टोकाला काचेचा रस घेई, वळवी, फुंकी. धाकटा समोर उभा राहून फुंकणीचा भार पेलून धरी. "धर," थोरला म्हणे. "सोड," थोरला म्हणे. धर, सोड. धर, सोड. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हे ऐकत होती, पाळण्याची करकर ऐकावी तसं. मधूनच एक वाक्य तिच्या वाट्याला यायचं. "अगं, दार लावून घे! वारा लागतो काचेला!" इतक्या वेळा, की या माणसाने लग्न आपल्याशी केलंय की दाराशी, असं तिला वाटे.

पण त्या दुपारचा 'सोड' कामाचा नव्हता.

त्या सकाळी भावाभावांचं कडाक्याचं वाजलं होतं. धाकट्याला जायचं होतं. दूर बंदराच्या शहरात काच साच्यात ओतून घडवत, तिथे. "साच्यात ओतायची तर ती काच कशाला?" थोरला म्हणाला होता. "त्यापेक्षा विटा पाड जा!" आणि धाकटा म्हणाला होता, "तुझ्या सावलीत उभा राहून राहून माझी पाठ पांढरी पडली, दादा." सगळ्या गल्लीने ऐकलं. शेजारच्या तांबटाने तर हातोडी थांबवून ऐकलं. तरीही दुपारी दोघे मुकाट्याने भट्टीपाशी उभे राहिले, कारण बुरुजावरच्या दिव्याचा मोठा गोळा त्या दिवशी करायचा होता आणि असा गोळा एकट्याने होत नाही.

ती स्वयंपाकघरात होती. तिने तो शब्द ऐकला आणि हातातलं भांडं टाकून धावली. दार ढकललं तेव्हा नवरा जमिनीवर पडला होता. आणि धाकटा, भावाकडे पाठ करून, चिमट्याने त्या गोळ्याचा तापलेला गळा दाबून बंद करत होता. मग त्याने चिमटा फेकला, भावाजवळ बसला आणि त्याच्या गळ्याशी हात नेले. तेवढ्यात तांबट आला. तांबटाने पाहिले ते गळ्याजवळचे हात.

लोकांची पळापळ झाली, रडारड झाली. त्या गोंधळात एकट्या सासूने तो गोळा उचलून गरम राखेच्या हौदात पुरला; एवढी काच तडकू नये म्हणून दिवसचे दिवस राखेत निववावी लागते. पोटचा गेला होता, पण हाताची सवय गेली नव्हती.

कोतवालाला गाव मागून मुंगूस म्हणे. माणूस बुटका, डोळे बारीक, आणि एकदा दात रोवले की सोडायचं नाव नाही. वाईट नव्हता. हीच तर भीती होती. वाईट माणसाची समजूत काढता येते, सरळ माणसाची कशी काढणार?

"कामाची हाक होती की ओरड होती?" त्याने तिला विचारलं होतं.

तिला खोटं जमत नव्हतं. "कामाची नव्हती. तसा आवाज त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकला नव्हता."

"कसा होता? म्हणून दाखवा."

तिने तोंड उघडलं. आवाज ओठांपर्यंत आला आणि तिथेच विझला. "सोड," ती म्हणाली खरी, पण कोरडं, हिशेबातला शब्द वाचावा तसं. मुंगसाने मान हलवली. गळा दाबणाऱ्याला माणूस आणखी काय म्हणणार?

"मी पकडली होती ती फुंकणी," धाकटा सांगत राहिला. "दादाला घेरी आली. गोळा त्याच्यावरच पडला असता. मी तापलेल्या बाजूने पकडली, म्हणून तो म्हणाला, सोड." त्याचे तळवे सोलून निघाले होते. पण मुंगूस म्हणाला, भावाने जीव वाचवायला तापलेली फुंकणी समोर धरली असेल, तरी हात असेच भाजतील. आणि मग त्याने विचारलं. "भाऊ मरत होता. तू हाक मारली नाहीस. पाणी आणलं नाहीस. आधी काच बंद केलीस. का?"

यावर धाकटा गप्प झाला, तो आजतागायत.

तिने गोळा मांडीवर घेऊन फुंकरीने राख उडवली. निळसर, धुरकट काच. आतून एक वाफेचा ठसा उमटला, पसरला, विरला. पुन्हा उमटला. थंडीत खिडकीला तोंड लावून कुणी उभं असावं तसा.

तिने कान लावला. शब्द नव्हते. नुसता श्वास होता. झोपेत डाव्या कुशीवर वळला की त्याच्या श्वासाला बारीक शीळ असे, ती शीळ होती.

त्या घरात अशा गोष्टींना कुणी बिचकत नसे. फुंकणी तोंडात असताना बोलू नये, हे पोरांना चालायच्या आधी शिकवत. बोललेलं काचेत जातं. तिच्या लग्नानंतर फळीवरची एक जुनी बाटली पडून फुटली होती, आणि तिच्यातून सासऱ्यांचा खोकला बाहेर आला होता, सासरे जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. ती भिंतीला चिकटली होती. सासू मात्र धान्य निवडणं न थांबवता म्हणाली होती, "आले वाटतं! गेले तरी फुटल्या भांड्याला नावं ठेवायला हजर."

आता तीच सासू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. जवळ येत नव्हती.

"आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"बोलतो?"

"नाही. श्वास आहे नुसता. बोलला असेल तर उघडल्यावरच कळेल."

"आणि उघडलं की संपलं."

"संपलं."

मग हळूच, जात्यापाशी गुणगुणावं तसं, म्हातारीच्या तोंडून निघालं :

"काचेच्या घरात वारा पाहुणा राहिला,
जाता जाता बाई त्याने उंबरा ओला केला."

"आई, आत दुसरंच काही निघालं तर?" सून म्हणाली. तिला हेच विचारायचं होतं, रात्रंदिवस. "त्यांनी भावोजींचंच नाव घेतलं असलं तर? मग माझ्या शब्दाने अर्धे मेलेत, ह्यांच्या शब्दाने पुरते मरतील."

"मग नको उघडू. ठेव उशाशी. दोघी ऐकत बसू."

"आणि भावोजी?"

"मग उघड."

"आई!"

"मला काय विचारतेस?" म्हातारी एकदम कडाडली. "एक लेक काचेत, एक कोठडीत. कुठला निवडू? तुझी ही धरसोड पुरे झाली, सूनबाई. धरायचं तर धर, सोडायचं तर सोड. पण उन्हं उतरायच्या आत."

तिने गोळा जुन्या रजईत गुंडाळला, कानस कमरेला खोचली आणि बाहेर पडली.

वाट रोजचीच होती, पण आज तिला तिचे सगळे दगड दिसत होते. तांबटाच्या दारात घडे उलटे मांडले होते. "मी पाहिलं तेच सांगितलं, वहिनी," तांबट आतून ओशाळून म्हणाला. "मीही," ती म्हणाली आणि थांबली नाही. दोर वळणाऱ्यांच्या गल्लीत दोर आडवे ताणले होते, ती एकेक पाय उचलून पलीकडे गेली. कोपऱ्यावर गवताची गाडी घाईत वळली. चाक तिच्या पावलाशी घासून गेलं. ती भिंतीला पाठ लावून, रजई छातीशी धरून उभी राहिली, आणि तिला रजईतून जाणवलं, आतला श्वास थांबलाय.

"आहात ना?" ती कुजबुजली. भर रस्त्यात, रजईला.

क्षणभर काहीच नाही. मग तो पुन्हा सुरू झाला, जरा जलद. हाही घाबरला होता वाटतं.

कोतवालीच्या अंगणात गाडी येऊन उभी होती. घोडा तोबऱ्यात तोंड घालून चरत होता. म्हणजे वेळ होता, पण घोड्याच्या पोटाएवढाच.

मुंगूस टेबलामागे बसला होता. तिने रजई सोडली तसे त्याचे बारीक डोळे मोठे झाले. वाफ आतून उमटत होती, विरत होती. दारातला शिपाई दोन पावलं मागे सरकला.

"तुमच्या घराबद्दल ऐकून होतो," मुंगूस सावकाश म्हणाला. "मला वाटायचं, गिऱ्हाईक यावं म्हणून पसरवता. बाई, एक सांगून ठेवतो. हा बोलला, तर मी ऐकेन. पण मग जे बोलेल ते सगळं ऐकेन. अर्धं नाही."

"सगळंच ऐका."

धाकट्याला आणलं. पायात बेडी, हातांना चिंध्या, दाढी वाढलेली. त्याने आधी वहिनीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या गोळ्याकडे, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"हे कशाला आणलंत?"

"उघडायला."

"नाही!" तो पुढे झेपावला, शिपायाने बेडीला हिसका देऊन मागे ओढला. "वहिनी, नाही. पाया पडतो. फोडू नका. न्या घरी. मला जायचंय तिकडे मी जातो."

मुंगसाने हाताची बोटं एकमेकांत गुंतवली. "पाहिलंत, बाई?" तो हलकेच म्हणाला. "ज्याला सुटायची आशा असते तो असं बोलत नाही. आत काय आहे हे याला माहीत आहे."

धाकटा आजारी असताना तिने त्याच्या उशाशी बसून रात्री काढल्या होत्या. त्याच्या कुडत्याला ठिगळं लावली होती. आणि आता त्याच्या डोळ्यांत भीती होती, खरीखुरी. कसली?

"भावोजी, माझ्याकडे बघा. यात काय आहे?"

"मला नाही माहीत."

"मग भिता कशाला?"

त्याने मान खाली घातली. "तो पडला तेव्हा फुंकणी तोंडात होती, वहिनी. शेवटचा सगळा श्वास आत गेला. मला कळलं, हा आता उरत नाही. बाहेरच्याला हाक मारली असती, तर तेवढ्यात गळ्यातून सगळं निघून गेलं असतं. म्हणून दाबला." त्याने गोळ्याकडे पाहिलं. "दादा नाही राखता आला. म्हटलं, तुमच्यासाठी एवढा तरी राखावा. तो तुम्ही माझ्यापायी घालवू नका."

मुंगसाने खिडकीतून घोड्याकडे पाहिलं. घोड्याने तोबऱ्यातून तोंड वर काढलं होतं.

"गोष्ट गोड आहे," मुंगूस शेवटी म्हणाला. "पण गोष्टीवर माणूस सुटत नाही. फोडता का, बाई? की गाडी जोडू?"

तिने कमरेची कानस काढली. आणि तेव्हा तिला कळलं, की खरी परीक्षा पुढेच आहे. असा गोळा फोडायचा नसतो. फोडला की आतलं सैरावैरा उधळतं, सासऱ्यांचा नुसता खोकलाच ऐकू आला होता, त्याआधीचं वाक्य फरशीवर सांडलं होतं. गळ्यावर नखाएवढा ओरखडा काढायचा, त्यावर पाण्याचा थेंब, आणि एक टिचकी. ती टिचकी तिच्या हातात नव्हती. थोरल्याच्या हातात होती. आणि धाकट्याच्या.

"मला नाही जमायचं," ती म्हणाली. "भावोजी उघडतील."

मुंगूस ताडकन उठला. "वेड लागलंय का? बोट जरा घसरलं, की तुमचा एकुलता एक पुरावा फरशीवर! आणि घसरलं की घसरवलं, हे कोण ठरवणार?"

"मी."

"तुम्हीच याला इथे आणलंत, बाई. तुमच्याच शब्दावर."

"हो," ती म्हणाली. तिने कानस धाकट्यापुढे धरली. "धर," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्याला एकेरी हाक मारली होती, आणि ती हाक थोरल्याची होती.

धाकट्याने दातांनी चिंध्या सोडल्या. खालची कातडी लाल, ओली, कुठे कुठे पिवळी होती. त्याने कानस घेतली तेव्हा त्याच्या घशातून बारीक आवाज निघाला, पण पकड सुटली नाही. खर्र. एकदाच. मग त्याने गडव्यात बोट बुडवून थेंब सोडला. थेंब ओरखड्यावर थांबला, थरथरला. त्याचं बोट वर उचललेलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. वाकली. गोळ्याला गाल लावला. एक श्वास घेतला, एक सोडला, आतल्याच्या जोडीने.

"आता."

टिच.

बंद काच उघडली की बाहेरचा वारा आत शिरतो, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इथे उलटं झालं. मुंगसाच्या टेबलावरचं लेखणीचं पीस हललं. कोमट, भट्टीचा वास असलेली झुळूक तिच्या कपाळावरचे केस मागे सारत गेली. आणि आवाज आला, धापा टाकत, पण अगदी जवळून, कानाशी वाकून बोलावं तसा :

"सोड रे बाळा... भाजशील... हात राख. जायचंय ना तुला? जा. पण हात राख... आणि हिला सांग..."

बस. पुढे शीळ आली, लांबत गेली, बारीक झाली. काच निवळली. तिच्यातून पलीकडची भिंत स्वच्छ दिसायला लागली. तुटलेल्या गळ्याच्या काठावर पाण्याचा एक थेंब जमला होता.

धाकटा खाली बसला. भाजलेले हात मांडीवर उताणे ठेवून, लहान मुलासारखा, मोठमोठ्याने रडायला लागला. मुंगूस खिडकीशी गेला. बराच वेळ त्याची पाठच दिसत होती.

"गाडी परत पाठव," तो शिपायाला म्हणाला. "आणि बेडी काढ. बघतोस काय, तुला काय आमंत्रण द्यायचं?"

ती दोघं घरी पोचली तेव्हा म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. तिने लेकाला पाहिलं. सुनेच्या हातातला रिकामा गोळा पाहिला. लेकाला जवळ ओढून त्याचे हात उलटे-सुलटे पाहिले, आणि शिव्या घालत घालतच लोणी आणायला उठली. मग उठता उठता थांबली.

"काय म्हणाला?"

सुनेने या वेळी शोधलं नाही. आवाज आपणहून ओठांवर आला. "सोड रे बाळा," ती म्हणाली, जसा ऐकला होता तसाच, सगळ्या काळजासकट.

म्हातारी मटकन खाली बसली.

"हा?" ती म्हणाली. "हा आवाज?" तिचे ओठ हलत राहिले. "अगं, हा रांगत होता तेव्हा निखाऱ्याला हात घालायचा. थोरला असा धावायचा, असाच ओरडायचा. सोड! आख्खं घर हालायचं. मग हा मोठा झाला, आणि त्या आवाजाची गरजच उरली नाही."

सून तिच्याकडे पाहत राहिली. तिच्या लग्नाच्या कितीतरी आधीचा आवाज. तिने तो कुठून ओळखावा? आणि जिने ओळखला असता, तिच्यापाशी तो तिने कधी उच्चारलाच नव्हता. राखेच्या हौदाशी बसून एकदा जरी म्हणून दाखवला असता, तर म्हातारीने कोतवालापुढे खूण पटवली असती, आणि गोळा अजून उशाशी असता.

दोघींनाही ते एकाच वेळी कळलं.

"पुढे आणखी काही म्हणाला का?" म्हातारीने विचारलं.

"'हिला सांग', एवढंच. मग संपला."

"काय सांगायचं होतं त्याला?"

धाकट्याने डोळे पुसायला हात उचलला, भाजल्याचं आठवून खांद्यानेच पुसले. "वहिनी," तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "तुम्ही धावत आलात ना, तेव्हा दार सताड उघडं टाकलं होतंत."

तिने वळून पाहिलं. आत्ताही ते उघडंच होतं. संध्याकाळचा वारा आत येऊन विझल्या भट्टीची राख हलवत होता.

ती उठली, आणि दार लावून घेतलं.